कडा कापू नका: स्वतः शिकलेल्या चित्रकाराचं पुस्तक कसं काढायचं

आमच्या पुस्तकाची पहिली डमी (छपाईआधीची नमुना प्रत) डिझायनरकडून आली तेव्हा सगळी चित्रं एकदम व्यवस्थित चौकोनात बसलेली होती, पांढरं पान, चारी बाजूंनी सारखा समास, बघायला छानच. ज्या आजींची ती चित्रं त्यांनी तीनचार पानं उलटली आणि एका पक्ष्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्याचे पाय कुठे गेले?" तो पक्षी त्यांनी पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर काढला होता, पुठ्ठ्याची खालची कड तुटून खाच पडलेली, आणि पक्षी बरोब्बर त्या खाचेच्या काठावर पाय रोवून बसवलेला. डिझायनरला ती खाच म्हणजे खराब झालेली कड वाटली, त्याने सरळ रेषेत कापली आणि त्याबरोबर पाय पण गेले. त्याला दोष तरी काय देणार, त्याला हेच शिकवलेलं असतं.

हे आधी सांगायचं कारण असं की अशा पुस्तकात प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी चित्र 'नीट' करायला टपलेलं असतं. फोटोग्राफर उजेड नीट करतो, डिझायनर कडा नीट करतो, संपादक भाषा नीट करतो आणि प्रेसवाला रंग नीट करतो, सगळे मनापासून करतात आणि शेवटी पुस्तकात चित्रकार सोडून बाकी सगळ्यांचं काम दिसतं. पुस्तक काढणाऱ्याचं निम्मं काम म्हणजे ह्या सगळ्यांना वेळेवर थांबवणं. बाकीचं निम्मं खाली सांगते, ते बरंचसं कंटाळवाणं आहे पण त्याला इलाज नाही.

आधी वही करा

प्रकाशक, कागद, मुखपृष्ठ ह्या गोष्टी बाजूला ठेवा आणि एक वही घ्या, किंवा स्प्रेडशीट. घरात, नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे, विकत घेतलेल्यांकडे जितकी चित्रं सापडतील तितक्यांना नंबर द्या. नंबर चिठ्ठीवर लिहून चित्राशेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. चित्रावर चिकटपट्टी लावायची नाही, पाठीमागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने कोपऱ्यात बारीक. मग उंची गुणिले रुंदी, सेंटिमीटरमध्ये, आणि कायम ह्याच क्रमाने, उंची आधी. आम्ही दोघांनी मिळून मापं घेतली आणि एकाने उंची आधी लिहिली एकाने रुंदी, ते निस्तरायला नंतर अख्खी चित्रं परत मोजावी लागली. मग कशावर काढलंय (पुठ्ठा, प्लायवूड, कापड, भिंत), कशाने काढलंय (पोस्टर कलर, घराला लावायचा ऑइलपेंट, खडू, कोळसा), सध्या कोणाकडे आहे, अवस्था कशी आहे.

आणि पाठीचा फोटो. प्रत्येक चित्राच्या पाठीचा. ह्यात काय बघायचंय असं सगळे विचारतात, पण स्वतः शिकलेली माणसं बहुतेक वेळा हाताला लागेल त्यावर काढतात आणि पाठ म्हणजे आयता पुरावा असतो. खोक्यावर छापलेली पॅकिंगची तारीख, जुन्या कॅलेंडरचं पान, निवडणुकीचं पत्रक, लग्नपत्रिका. चित्रकाराला स्वतःला साल आठवत नाही (आणि का आठवावं?), पण पत्रिकेवर तारीख असेल तर चित्र त्याच्या फारसं आधीचं नाही एवढं तरी पक्कं होतं. मग कॅप्शनमध्ये 'अंदाजे' लिहायचं, अंदाजाला सालाचा आव आणायचा नाही.

फक्त टांगलेली चित्रं मोजू नका. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या मॉड लुइस (१९०१ ते १९७०) ह्यांनी आपल्या एका खोलीच्या घराची दारं, जिना, खिडक्यांच्या काचा, चूल, सगळं रंगवून ठेवलं होतं. ते अख्खं घर आता हॅलिफॅक्सच्या आर्ट गॅलरीत ठेवलंय. म्हणजे त्यांचं पुस्तक करायला बसलं तर फळ्यांवरची विकलेली चित्रं हा एक भाग झाला आणि घर हा दुसरा. तुमच्या चित्रकाराचे पण डबे, दाराच्या चौकटी, पेट्या, झाकणं असतील, तेही वहीत घ्या, पुस्तकात घ्यायचे का नाही ते नंतर ठरवता येतं.

हक्क आणि पैसे, हे पुढे ढकलू नका

सगळ्यात जास्त गैरसमज इथे असतात. चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं नसतं. चित्र ही वस्तू एकाची आणि कॉपीराइट चित्रकाराचा, ह्या दोन गोष्टी वेगळ्या, हे जवळपास सगळीकडे असंच आहे. १८८६ च्या बर्न कराराप्रमाणे सभासद देशांत चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर कमीत कमी ५० वर्षं हा हक्क राहतो, बऱ्याच देशांत त्याहून जास्त. आणि त्यासाठी कुठे नोंदणी केलेली असावी लागत नाही. 'त्यांना कुठे काय कळतंय, त्यांनी तर हो म्हटलंय' हे चालत नाही, कायद्यानेही नाही आणि माणूस म्हणूनही नाही.

चित्रकार हयात नसेल तर वारस शोधा, सगळे, फक्त तुमच्या ओळखीचा मुलगा नाही. शिकागोचा हेन्री डार्गर हॉस्पिटलमध्ये झाडलोट करायचा, १९७३ मध्ये वारला, त्याच्या खोलीतलं चित्रांचं आणि लिखाणाचं घबाड घरमालकाच्या हाती लागलं आणि पुढे त्याचं जगभर नाव झालं, पुस्तकं निघाली, प्रदर्शनं झाली, आणि २०२२ मध्ये दूरच्या नातेवाइकांनी हे हक्क आमचे आहेत म्हणून कोर्टात दावा लावला. जवळजवळ ५० वर्षांनी. आपलं पुस्तक तेवढं मोठं नसेल पण भांडण छोट्या पुस्तकावरून पण होतं.

करारात काय असावं, तर कोणती चित्रं (वहीतले नंबर), कोणत्या पुस्तकासाठी, कोणत्या भाषांत, किती प्रती, कधीपर्यंत. टी-शर्ट, कप, कॅलेंडर, डिजिटल प्रिंट ह्यातलं काहीही ह्यात येत नाही असं स्पष्ट एक वाक्य. मानधन किती आणि कधी, रॉयल्टी छापील किमतीवर का प्रत्यक्ष हातात पडलेल्या रकमेवर (ह्या दोन आकड्यांत खूप फरक पडतो, विचारून घ्या), चित्रकाराला किती प्रती फुकट, मूळ चित्रं नेली असतील तर परत कधी. दुसरी आवृत्ती निघाली तर परत पैसे. मग तो करार चित्रकाराला त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा, त्यांच्या घरातलं किंवा विश्वासातलं कोणीतरी शेजारी बसलेलं असताना, आणि सही त्याच दिवशी घेऊ नका. दोन दिवस जाऊद्या. आमच्या आजींनी दोन दिवसांनी एक चित्र काढून टाकायला लावलं, कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

फोटोग्राफरशी वेगळा करार लागतो हे विसरतात लोक. फोटो त्याने काढले म्हणजे फोटोवर त्याचा हक्क निघू शकतो, तेव्हा ते फोटो पुस्तक, पोस्टर, प्रसिद्धी ह्यासाठी वापरता येतील असं आधीच लिहून घ्या.

बोलणं रेकॉर्ड करा, आणि प्रश्न साधे विचारा

'तुमची प्रेरणा काय?' असं विचारलं की समोरचा माणूस गप्प तरी होतो किंवा पेपरात वाचल्यासारखं काहीतरी बोलतो. चित्र समोर ठेवा आणि विचारा, हे काय आहे? हा कोण? हा इथे का उभा आहे? हे आधी काढलं का ते? हा हिरवा कुठून आणला? मग बघा बोलणं कसं सुरू होतं. आम्हाला एका चित्रातल्या निळ्या गाईवर कोणीतरी अर्धा तास अध्यात्म सांगितलं होतं आणि आजी म्हणाल्या त्या दिवशी निळाच डबा उघडा होता.

पण मग ते लिहून काढताना प्रमाण भाषेत आणू नका हो. त्यांचे शब्द, त्यांची वाक्यं, अर्धवट सोडलेली वाक्यंसुद्धा. एखादा शब्द वाचकाला कळणार नाही वाटलं तर शेवटी छोटी शब्दांची यादी द्या. चित्रांची नावं पण तीच जी ते सांगतील. त्यांनी नाव दिलंच नसेल तर 'शीर्षक नाही' म्हणा आणि ओळखीसाठी साधं वर्णन द्या, 'दोन बैल आणि विहीर' असं, 'मातीचं स्वप्न' असलं काही आपल्या मनाचं देऊ नका.

प्रस्तावना कोणाकडून तरी लिहून घ्यायची असेल तर एक अट आधी घाला, निरागस, भाबडा, अडाणी, बालसुलभ हे शब्द चालणार नाहीत. गंमत नाही, खरंच सांगा. स्वतः शिकलेला म्हणजे काहीच न शिकलेला असं नसतं. इंग्लंडच्या सेंट आइव्हजचा आल्फ्रेड वॉलिस (१८५५ ते १९४२) तरुणपणी बोटींवर होता, मग भंगार आणि बोटींचं सामान विकायचा, बायको गेल्यावर सत्तरीच्या आसपास सोबत म्हणून चित्रं काढायला लागला. त्याच्या बोटींची शिडं, दोर, वारा कुठून येतोय, हे ज्याने जन्मभर बघितलंय त्याचं आहे, त्याला भाबडं म्हणणारा बहुतेक बोटीत बसलेला नसतो. तेव्हा शिक्षणाचा प्रश्न उलटा विचारा, आधी हाताने काय काम करायचात? विणकाम, सुतारकाम, गवंडीकाम, शेती, रांगोळी, जे असेल ते चित्रात कुठेतरी असतंच.

फोटो, इथे पैसा आणि वेळ दोन्ही खर्च करा

पुस्तकात नंतर काहीही सुधारता येतं, वाईट फोटो सुधारता येत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो वहीसाठी ठीक, छपाईसाठी नाही, ते पाठवतानाच दाबून लहान केलेले असतात.

हिशोब सोपा आहे. छपाईला एका इंचाला ३०० पिक्सेल धरतात. पानावर चित्र २५ सेंटिमीटर रुंद हवं तर साधारण २९५० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा लांब बाजूला ६००० पिक्सेल देतो, म्हणजे ५० सेंटिमीटरपर्यंत काळजी नाही. त्यामुळे महागातला महाग कॅमेरा भाड्याने आणायची गरज नसते, चांगली फिक्स (झूम नसलेली) लेन्स, ट्रायपॉड आणि दिवे महत्त्वाचे. मोबाईलच्या फोटोत फोन स्वतःच रंग भडक करतो आणि कडा टोकदार करतो, म्हणजे तोही नीट करणाऱ्यांतलाच एक.

चित्र भिंतीला लावा किंवा जमिनीवर सपाट ठेवा, कॅमेरा त्याला अगदी समांतर. समांतर आहे का हे बघायची एक युक्ती आहे, चित्राच्या मधोमध एक छोटा आरसा सपाट टेकवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं, लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मधे दिसलं की झालं (रंगाचे पोपडे सुटत असतील तर चित्रावर नाही, शेजारी त्याच पातळीत टेकवा). दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दोन सारखे दिवे, रंग खरे दाखवणारे, ज्यांचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वर आहे असे. खिडक्या बंद, खोलीतली ट्यूब बंद, कारण दोन प्रकारचा उजेड मिसळला की एका बाजूचा पांढरा पिवळट येतो आणि तो नंतर कोणाच्या बापाला काढता येत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ च्या आसपास, रॉ फाइल (कॅमेऱ्याने काही नीट न करता ठेवलेली मूळ फाइल). पहिल्या फ्रेममध्ये रंगांचं चार्ट-कार्ड ठेवायचं, दिवे हलवले की परत ठेवायचं.

ऑइलपेंटवर चमक मारते. दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लावून फिरवला की चमक जाते, रंग खोल दिसतात. पण जपून, सगळी चमक घालवली की घराचा ऑइलपेंट आणि पोस्टर कलर एकसारखेच दिसायला लागतात. थोडी चमक ठेवा. आणि जिथे रंगाचा थर जाड आहे, कापडाची वीण दिसतेय, तिथे एक जास्तीचा फोटो एका बाजूने आडवा उजेड टाकून घ्या, तपशिलाच्या पानाला तो कामाला येतो. अमेरिकेच्या ग्रँडमा मोझेस, ज्या सत्तरी उलटल्यावर चित्रांकडे वळल्या आणि १९६१ मध्ये १०१ व्या वर्षी गेल्या, त्या बर्फाला चमकी लावायच्या. समोरून सपाट उजेडात ती चमकी नुसती करड्या ठिपक्यांसारखी दिसेल.

स्कॅनर चालतो का? छोटी, सपाट, कागदावरची चित्रं असतील तर चालतो. पोपडे सुटत असलेली किंवा खडू-कोळशाची असतील तर अजिबात नाही, काचेला रंग चिकटतो.

सगळ्यात महत्त्वाचं, फ्रेममध्ये चित्राच्या चारी बाजूंनी दोनदोन बोटं मोकळी जागा सोडायची, खाली करडा कागद. कडा दिसल्याच पाहिजेत. वॉलिस किराणा मालाच्या खोक्यांचे वेडेवाकडे तुकडे तसेच वापरायचा आणि बोटीचा डोलारा त्या तुकड्याच्या आकारात बसवायचा. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या बिल ट्रेलरने पंचाऐंशीच्या आसपास, १९३९ च्या सुमाराला, मॉन्टगोमेरीच्या रस्त्यावर बसून टाकाऊ पुठ्ठ्यांवर चित्रं काढली, त्यातला डाग, फाटका कोपरा, सगळं चित्रात धरून. त्यांची चित्रं चौकोनात कापून छापली तर चित्रकाराने घेतलेला पहिला निर्णयच छापायचा राहून गेला.

कोणती घ्यायची, कशी मांडायची

वहीतल्या सगळ्या चित्रांचे छोटे प्रिंट काढा, काड्यापेटीएवढे चालतील, आणि जमिनीवर पसरा. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ही निवड होत नाही, मी करून बघितलंय. आठवडाभर तसंच ठेवा, जाता-येता हलवा. चित्रकाराला पण बोलवा. त्यांचं आवडतं आणि तुमचं आवडतं वेगळं निघणार, दोन्ही घ्या.

एकच विषय दहादा काढलेला असेल तर डिझायनर म्हणणार एकच ठेवा, बाकी रिपीट आहेत. ऐकू नका. तेच मांजर, तोच बैल, तेच झाड पुन्हापुन्हा काढताना काय बदललं आणि काय अजिबात बदललं नाही, हे बघायला मिळणं हीच तर पुस्तकाची खरी ताकद, प्रदर्शनात ती एका भिंतीवर कधी येत नाहीत कारण विकली गेलेली असतात. आम्ही एकाच झाडाची सहा चित्रं समोरासमोरच्या दोन पानांवर घेतली आणि पुस्तकातली लोकांना आवडणारी पानं तीच ठरली.

मांडणीचे आमचे नियम थोडेच होते. चित्र पूर्ण छापायचं, वाकड्या कडेसकट, पार्श्वभूमीतून कापून काढायचं असेल तर खऱ्या कडेवरून. तपशील मोठा करून वेगळ्या पानावर, आणि तिथे 'तपशील' असं लिहायचंच. चित्रावर अक्षरं टाकायची नाहीत, मुखपृष्ठावर पण नाही, मुखपृष्ठाला चित्र थोडं लहान घेतलं तरी चालतं. दोन पानांवर पसरलेलं चित्र टाळा, मधल्या घडीत चेहरा जातो, घ्यायचंच झालं तर घडीत काही महत्त्वाचं येत नाही ना बघा. आणि आकाराची जाणीव राहूद्या, हाताएवढं चित्र आणि दाराएवढं चित्र दोन्ही पानभर छापली की वाचकाला ती एकसारखी वाटतात. लहान चित्रं शक्य तितकी मूळ मापात छापा. कॅप्शन त्याच पानावर असूद्या, लोक शेवटची यादी उघडत नाहीत.

रंग, कागद आणि प्रेसशी भांडण

स्क्रीनवरचे सगळे रंग शाईत येत नाहीत. चार शायांत, म्हणजे निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी, भडक निळा, तेजदार केशरी, काही हिरवे आणि गुलाबी उतरतात आणि मळतात. फ्लुरोसंट पोस्टर कलर तर येतच नाहीत, तो हवाच असेल तर त्या फर्म्याला (एका मोठ्या तावावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याला) पाचवी खास शाई लावावी लागते, खर्च वाढतो. आम्ही एकाच फर्म्यात ती सगळी चित्रं गोळा केली आणि पाचवी शाई फक्त तिथे लावली.

सोनेरी, चंदेरी, चमकी ह्यांचंही तेच. आणि पांढऱ्याचं एक वेगळंच दुखणं आहे. वारलीतलं नाव म्हणजे जिव्या सोमा मशे (१९३४ ते २०१८, २०११ ला पद्मश्री), त्या पद्धतीत गेरूच्या किंवा शेणाच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा असतो. मूळ चित्रात पांढरा वरून लावलेला आहे, छपाईत मात्र पांढरी शाई नसते, कागदच कोरा सोडलेला असतो आणि भोवतीची तांबडी जमीन तीनचार शायांनी भरलेली असते. त्या शाया केसभर जरी सरकल्या तरी बारीक पांढऱ्या रेषेला गुलाबी नाहीतर निळी किनार येते, किंवा रेष बुजून जाते. म्हणून अशी चित्रं असतील तर प्रेस निवडताना रजिस्ट्रेशन (सगळ्या शाया एकमेकींवर बरोब्बर बसणं) किती घट्ट आहे ते त्यांच्या जुन्या कामात भिंग लावून बघा. आणि खूप बारीक रेषांची चित्रं लहान करून छापू नका.

काळ्याचा त्रास उलटा. जॉर्जियाचा निको पिरोस्मानी (१८६२ ते १९१८) दुकानांच्या पाट्या आणि खानावळींची चित्रं काळ्या मेणकापडावर काढायचा आणि जिथे काळं हवं तिथे कापड तसंच उघडं सोडायचा. असलं चित्र प्रेसवाल्याच्या हातात गेलं की तो काळा अजून काळा करतो, कापडाची वीण आणि जुनेपणा गायब. सांगावं लागतं की बाबा हा काळा मुळात थोडा तपकिरी आहे, तसाच राहूदे.

कागद चकचकीत घेतला तर रंग उठून दिसतात पण पुठ्ठ्यावरचं मातकट चित्र साबणाच्या जाहिरातीसारखं दिसायला लागतं. बिनलेपाच्या कागदावर शाई शोषली जाते, ठिपके पसरतात, गडद भाग बुजतात, तिथे एकूण शाईची (चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची) मर्यादा ३०० टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगतात. मधला रस्ता म्हणजे मॅट लेपाचा, १३० ते १५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये), किंचित पिवळसर. मागचं चित्र पुढे दिसतंय का ते बघायला कोरा नमुना पुरत नाही, छापलेला नमुना मागा. फाइली आरजीबीमध्येच (स्क्रीनच्या रंगांत) जपून ठेवा आणि सीएमवायकेमध्ये (चार शायांच्या रंगांत) बदलताना त्या प्रेसचा, त्या कागदाचा आयसीसी प्रोफाइल (तिथे रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) मागून घ्या, डोळे मिटून बदलू नका.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासायचा नमुना, त्याच कागदावर मागा. आणि प्रूफ तपासायला जाताना पाचसहा मूळ चित्रं बरोबर घेऊन जा, पॅकिंग नीट करून, कारण आठवणीतला रंग आणि खरा रंग ह्यात जमीनअस्मान असतं. प्रेसमध्ये ५००० केल्विनचा तपासणीचा दिवा असतो, त्याखालीच बघा. आमच्या प्रेसवाल्याने जुन्या पुठ्ठ्याचा पिवळेपणा काढून सगळं पांढरंशुभ्र करून दिलं होतं, स्वतःहून, 'साफ करून दिलंय मॅडम' म्हणून, आणि पहिल्या फर्म्याच्या छपाईच्या प्लेट नव्याने बनवाव्या लागल्या. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलबरोबर एक ओळ लिहून देते की डाग, घड्या, पिवळेपणा हे सगळं हवं आहे. छपाई सुरू होते त्या दिवशी हजर राहा, पहिला बरा ताव निघाला की सही करा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा, पुढचे ताव त्याला जुळले पाहिजेत.

उरलेलं, पटापट

पानसंख्या १६ च्या पटीत ठेवा म्हणजे ९६, ११२, १२८, कारण फर्मा बहुधा १६ पानांचा पडतो आणि मधली कोरी पानं फुकट पैसे खातात. बांधणी शिलाईचीच, नुसत्या गोंदाची घेतली तर पुस्तक सपाट उघडत नाही आणि चित्रपुस्तक लोक ताणून उघडतातच, मग पानं सुटतात. कागदाचा धागा (त्यातल्या तंतूंची दिशा) पुस्तकाच्या कण्याला समांतर आहे ना विचारा, नाहीतर पानं फुगल्यासारखी वळतात. पानाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या रंगाला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जास्तीचा रंग.

प्रती काहीशेच हव्या असतील तर डिजिटल छपाई, जास्त असतील तर ऑफसेट, हा आकडा प्रेसप्रमाणे बदलतो म्हणून दोन्हीची कोटेशनं मागवा, पण सगळ्यांना कागद, पानं, बांधणी, लॅमिनेशन अगदी तेच लिहून द्या, नाहीतर तुलनाच होत नाही. खोकी ठेवायला कोरडी जागा आहे का हे प्रतींचा आकडा ठरवायच्या आधी बघा, नंतर नाही. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर) १३ आकड्यांचा असतो, पुठ्ठा बांधणी आणि साधी अशा दोन काढल्या तर दोन वेगळे नंबर लागतात.

आतल्या पानावर चित्रकाराचं नाव सगळ्यात वर आणि मोठं, तुमचं खाली. कॉपीराइटच्या ओळीत चित्रं, मजकूर, फोटो तिन्ही वेगळे. मुद्रितशोधन चित्रं न बघता एकदा करा, फक्त आकडे आणि नावं, कारण चित्रं समोर असली की डोळा अक्षरांवर थांबत नाही.

पुस्तक हातात आलं की काम संपलं असं वाटतं, पण मूळ चित्रं परत द्यायची असतात. वही घ्या, एकेक नंबर परत देताना सही घ्या, अवस्थेचा फोटो आधीच्या फोटोशी ताडून बघा. रॉ फाइली, शेवटच्या फाइली आणि मुलाखतीचे रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक दुसऱ्या घरात, आणि एक संच चित्रकाराच्या घरच्यांना द्या, मागितला नाही तरी. आणि पुस्तकाच्या एका प्रतीवर 'दुरुस्ती' लिहून ती कपाटात ठेवा, कोणी चूक दाखवली की त्याच प्रतीत पेनाने करायची, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा शोधाशोध नको. आमच्या त्या प्रतीत आत्तापर्यंत अकरा चुका आहेत, त्यातल्या तीन उंची-रुंदी उलट लिहिल्याच्या.